आधी प्रार्थना, मग कात्री

मशीन मानेला टेकलं मात्र, आणि बसड्रायव्हर असा दचकला की त्याच्या मानेपासून वर टाळूच्या दिशेनं एक गुळगुळीत पट्टा उमटला. नुकत्याच केलेल्या रस्त्यासारखा.

मोजपट्टी या टोपणनावाच्या त्या मुलीनं केस कापायचं मशीन बंद केलं. आरशात दोघांची नजरानजर झाली.

"काका, तुम्ही हललात," ती म्हणाली.

"हललो, कारण तू सुरू केलंस. प्रार्थना राहिली की."

"पण तुम्हीच मान खाली घातलीत. मला वाटलं, मागून सुरू करायचं आहे."

"अगं, इतकी वर्षं गळ्याला कापड बांधलं की मी मान खाली घालतो. प्रार्थनाच नसेल, तर मी मान कशाला घालू खाली?"

बाकावर थांबलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी हसू लपवायला मासिक तोंडासमोर धरलं, तेही उलटं. मोजपट्टीनं मग सगळ्याच डोक्यावरचे केस त्या पट्ट्याला शोभतील इतके बारीक केले, कारण दुसरा इलाज नव्हता. ड्रायव्हरनं उठून डोक्यावरून हात फिरवला आणि उन्हाळा आहे, चालून जाईल म्हणाला. माणूस भला होता. पण दारातून वळून त्यानं विचारलंच, आत्या कधी येणार?

दुकान आत्याचं होतं. आत्या म्हणजे मोजपट्टीच्या वडिलांची थोरली बहीण. पण त्या गल्लीत तिला सगळेच आत्या म्हणत, तिच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. मोजपट्टी हे नावही तिनंच ठेवलेलं. शाळेत असताना भाची सुट्टीत दुकानात यायची, आत्याच्या मागे उभी राहायची आणि गिऱ्हाइकाच्या देखत सांगायची, डावीकडे जास्त राहिलेत. आत्या म्हणायची, ही मोजपट्टी बोलते तेव्हा कात्रीनं ऐकावं. पुढे भाचीनं कात्रीही शिकून घेतली आणि भौतिकशास्त्राची पदवीही. आता उपकरणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती आणि रुजू व्हायला अजून अवकाश होता. तेवढ्यात आत्याच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन निघालं, आणि दुकानाच्या किल्ल्या मोजपट्टीच्या हातात आल्या.

दुकान एवढंसं. दोन खुर्च्या, त्यांतली एकच धड फिरणारी. एक लांब आरसा, त्याच्या कडेला पाऱ्याचे डाग. पाणी फवारायची बाटली, आणि केस झाडायचा एक जुना मऊ ब्रश, ज्याचे निम्मे केस गिऱ्हाइकांच्या केसांबरोबर केव्हाच कचऱ्यात गेले होते. नियमही एकच. आधी प्रार्थना, मग कात्री.

तो नियम भीतीतून निघाला होता. नवरा गेल्यावर आत्यानं हे काम शिकून दुकान उघडलं. पहिल्या गिऱ्हाइकाच्या मागे ती उभी राहिली तेव्हा हात असा थरथरत होता की कात्री स्वतःशीच वाजत होती. थरथर थांबावी म्हणून तिनं दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर टेकवले आणि पुटपुटली की प्रभू येशू, हात स्थिर ठेव, या माणसाच्या कानाला काही होऊ देऊ नकोस. माणसानं ते ऐकलं. म्हणाला, कानाचं सांगितलंत ते बरंच केलंत, आता माझ्या आईच्या दम्याचंही सांगा.

तेव्हापासून ती प्रत्येकाला विचारायची, "चालेल ना?" नको म्हणणाऱ्याला बरं म्हणायची, कात्री उचलायची, आणि त्याचे केस मुद्दाम वाईट कापायची नाही. हो म्हणणाऱ्याच्या खांद्यांवर हात ठेवून त्यानं मागच्या खेपेला जे सांगितलं असेल ते देवाला सांगायची: कुणाची परीक्षा, कुणाची सून, कुणाचं गळकं छप्पर. हे सगळं कशासाठी करता, असं कुणी विचारलंच, तर प्रभूनं वाईट दिवसांत आपल्याला कसं धरून ठेवलं ते सांगायची, आणि मग तोंडाचा पट्टा सुटायचा. गळ्याला कापड आणि कात्री माझ्या हातात, माणूस पळून जाणार कुठे, असं ती स्वतःच हसून म्हणायची.

तिच्या तावडीत सगळ्यात जास्त वेळा सापडला असेल तर शेजारचा किल्लीवाला. कुलुपं दुरुस्त करायची, किल्ल्या घासून द्यायच्या, आणि जगातल्या कुठल्याही देवाच्या भानगडीत पडायचं नाही, हा त्याचा धर्म. "चालेल ना?"ला त्याचं उत्तर ठरलेलं, चालेल, पण थोडक्यात. प्रार्थना संपली की इतर लोक आमेन म्हणत, हा म्हणायचा, "चला." एकदा त्यानं विचारलं होतं की तुमचा देव बहिरा आहे का, दर खेपेला तेच सांगता?

"तो कसला बहिरा," आत्या म्हणाली होती. "तुम्ही आहात. म्हणून मोठ्यानं बोलते."

आणि आता तोच आवाज गेला होता.

गाठ निघाली, ती साधीच निघाली. त्याबद्दल घरात सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण आवाजाची नस दुखावली होती. मोजपट्टीनं डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन स्वरतंतूंपैकी एक हलत नव्हता. दाराची एक फळी अडकली की दार मिटत नाही, फटीतून वारा जात राहतो. तसा आत्याचा प्रत्येक शब्द वाऱ्यासारखा निसटत होता. काही महिन्यांनी नस सुधारेलही, किंवा नाही सुधारणार. हे सगळं मोजपट्टीला नीट समजलं, आणि समजून काहीही उपयोग झाला नाही.

त्या संध्याकाळी तिनं आत्याच्या घरी जाऊन ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या रस्त्याची हकिकत सांगितली. आत्या उशीला टेकून हसली. खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं, आवाज मात्र आला नाही, नुसता श्वास. मग तिनं मोजपट्टीला जवळ बोलावलं आणि कुजबुजत सांगितलं, थांबत थांबत, की जोडे विकणाऱ्या एका दुकानदाराला जागा हवी आहे, घरमालकीणबाईंना महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे, आणि आपण देऊन टाकायची ठरवलं आहे.

मोजपट्टी चक्रावली. तिनं मुद्दे मांडायला सुरुवात केली. हात ठीक आहेत, नजर ठीक आहे, कात्रीला घसा लागत नाही. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"केस कुणीही कापतं," ती म्हणाली. शब्दाशब्दाला श्वास संपत होता. "मी प्रभूचं नाव सांगायला दुकान चालवत होते."

मोजपट्टीला कॉलेजातली एक सकाळ आठवली. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं सहज विचारलं होतं, रविवारी तू कुठे असतेस? हिनं उत्तर दिलं होतं की घरचे उपासनेला नेतात. जणू हिला पोत्यात घालून नेत होते. हिचा विश्वास नव्हता असं नाही. होता, आतून होता. पण जे मोजून दाखवता येत नाही ते चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. घरात बोलणारी आत्या होती. एका घरात एक पुरे, असं तिनं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक तडजोड काढली. कापड बांधायचं, खांद्यांवर हात ठेवायचे, थोडा वेळ गप्प उभं राहायचं, मग कात्री. निदान कुणाच्या डोक्यावर रस्ते तरी होणार नाहीत. गिऱ्हाइकं मान खाली घालायची, वाट बघायची, आणि शेवटी एक डोळा उघडून आरशात बघायची. मुख्याध्यापिकाबाई तर स्पष्टच म्हणाल्या, वर्गात प्रश्न विचारल्यावर मुलं अशीच उभी राहायची.

मग किल्लीवाला आला. खुर्चीत बसला, दुखरा गुडघा हातानं उचलून सरळ केला. मोजपट्टीनं कापड बांधलं, हात ठेवले आणि गप्प राहिली. बाहेरून एक सायकल घंटा वाजवत गेली.

"तुझी आत्या बोलून डोकं खायची," तो म्हणाला. "तू गप्प राहून खातेस. झालं का?"

"झालं."

"काय झालं?"

ती कात्री उचलायला वळली, पण त्यानं आरशातून नजर सोडली नाही. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "खरं सांग मोजपट्टी, तुझा विश्वास आहे, का तू नुसतं दुकान सांभाळतेस?"

असा प्रश्न तिला चर्चच्या पाळकांनीही कधी विचारला नव्हता. काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेता आली असती; कॉलेजात ती तेच करायची. पण आत्याच्या आरशासमोर, आत्याची कात्री हातात असताना, घरचे नेतात हे वाक्य तिच्या तोंडून फुटेना.

"मला सिद्ध करून दाखवता येणार नाही," ती म्हणाली.

"मी कुठे म्हटलं सिद्ध कर? कुलूप उघडलं की नाही, एवढं सांग."

मग तिनं सांगितलं. पाहिलेलं तेवढंच, क्रमानं, प्रयोगाची नोंद करतात तसं. ऑपरेशनच्या सकाळी आत्या घाबरलेली होती. तिचे हात थरथरत होते, त्या पहिल्या दिवशी थरथरले असतील तसेच. स्ट्रेचर ढकलणारी नर्स लिफ्टची वाट बघत उभी होती. तिचे डोळे सुजलेले दिसत होते, म्हणून आत्यानं विचारलं, काय झालं बाई? नर्स आधी काही नाही म्हणाली. मग म्हणाली की मुलीशी भांडण झालंय, ती घर सोडून गेलीय, फोन उचलत नाही. आत्यानं विचारलं, "प्रार्थना करू? चालेल ना?" आणि तिथंच, लिफ्टच्या दारात, पडल्या पडल्या त्या बाईचा हात धरून तिनं तिच्या मुलीसाठी प्रार्थना केली. तिच्या त्या खणखणीत आवाजात. पलीकडच्या बाकावरची माणसं वळून बघत होती. स्वतःच्या गळ्याबद्दल एक अक्षर नाही.

"आणि हात थरथरायचे थांबले," मोजपट्टी म्हणाली. "मी हातांकडेच बघत होते, म्हणून सांगते. लिफ्ट आली, ती आत गेली. तो तिचा शेवटचा आवाज, काका. तिला तेव्हा माहीत नव्हतं, पण तो तिनं परक्या बाईच्या मुलीवर खर्च केला. हे ती स्वतःच्या बळावर करू शकली नसती. माझ्या माहितीतलं कुणीच करू शकलं नसतं. तिच्याबरोबर कुणीतरी होतं. माझा त्याच्यावर विश्वास आहे."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कात्रीची पाती उगाचच उघडतो-मिटतो आहोत. तिनं ती खाली ठेवली.

किल्लीवाल्यानं गळ्याचं कापड जरा सैल केलं. "मग ते मनात कशाला ठेवतेस? बोल की. थोडक्यात."

तिनं पुन्हा खांद्यांवर हात ठेवले. "प्रभू येशू," ती म्हणाली, आणि अडली. "हे किल्लीवाले काका. तुला माहीतच आहेत. यांचा गुडघा दुखतो. मला आत्यासारखं बोलता येत नाही. तू तिच्याजवळ होतास ते मी पाहिलंय. यांच्याही जवळ राहा. आमेन."

"चला," किल्लीवाला म्हणाला. आणि मग जरा वेळानं, कानामागे कात्री चालू असताना: "तुझं बरं आहे. आत्यांच्या प्रार्थनेत माझा चहा गार व्हायचा."

ही बातमी त्यानंच गल्लीभर केली असणार, कारण पुढची गिऱ्हाइकं ती बोलणार हे धरूनच आली. ती विचारायची, चालेल ना? माणसं मान खाली घालायची. पहिल्या काही वेळा तिचे कान तापले, वाक्यं अर्धवट राहिली. एकदा ती ज्याच्यासाठी प्रार्थना करत होती त्याच्या बायकोऐवजी भलतीच्याच बायकोसाठी बोलून गेली; तो म्हणाला, तिलाही गरज आहेच. एक नवा विद्यार्थी स्पष्ट नको म्हणाला. तिनं बरं म्हटलं, आणि आपल्याला वाईट वाटलं नाही याचं तिला नवल वाटलं. त्याचे केस तिनं त्या आठवड्यातले सगळ्यात चांगले कापले.

महिना संपत आला. आत्याचा निश्चय मात्र हलेना. मोजपट्टीच्या वडिलांनी समजावून पाहिलं, चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी समजावून पाहिलं. आत्या हसायची आणि नकारार्थी मान हलवायची. शेवटी शनिवारी ती दुकानात आली. आपल्या जुन्या कात्र्या आणि तो ब्रश घेऊन जायचा होता, बाकी सामान कुणाला हवं त्याला द्यायचं होतं. बाकावर किल्लीवाला आणि मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या. दोघं उठून उभी राहिली, शाळेत उठतात तशी. आत्यानं हातानंच खाली बसा म्हटलं.

मोजपट्टीनं तिच्याकडे नीट बघितलं. आजारपणात केस मानेवर आले होते.

"बस," ती म्हणाली आणि खुर्ची फिरवली.

आत्या अवघडली. इतक्या वर्षांत ती त्या खुर्चीच्या मागेच उभी होती. पुढे बसून आरशात बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तरी बसली. मोजपट्टीनं कापड बांधलं, ऑपरेशनच्या व्रणाला लागू नये म्हणून जरा सैल. खांद्यांवर हात ठेवले. खांदे पूर्वीपेक्षा बारीक लागले.

"चालेल ना?" तिनं विचारलं.

आत्यानं आरशात चटकन वर पाहिलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीभर बोंब मारणाऱ्या किल्लीवाल्यानंही नाही. त्यानं ते बहुधा राखून ठेवलं होतं. तिनं मान खाली घातली.

मोजपट्टीनं प्रार्थना केली. मोठ्यानं, दारात उभ्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आत्याच्या गळ्यासाठी केली, मग त्या नर्सच्या मुलीसाठी, आणि शेवटी म्हणाली की प्रभू, हिनं तुझं नाव या खुर्चीत इतक्यांना सांगितलं, त्यांतली मी एक आहे. आमेन. बाकावरून मुख्याध्यापिकाबाईंचं आमेन आलं. त्यापाठोपाठ "चला."

केस कापून झाले. आत्या उठली. आरशातून तिनं भाचीकडे पाहिलं. आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मोजपट्टीनं पदवी मिळाली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मग तिनं ते कापड सवयीनं झटकलं, आणि किल्लीवाल्याकडे बघून खुर्चीवर थाप मारली.

तो आला, बसला, गुडघा सरळ केला. आत्यानं कापड बांधलं आणि खांद्यांवर हात ठेवले. ओठ उघडले. वारा निसटला, एवढंच. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मोजपट्टी पुढे सरणार होती, इतक्यात आत्याच्या हातांखालून किल्लीवाला बोलू लागला, आरशात न बघता, मांडीवरच्या कापडाला.

"माझ्या धाकट्या भावाचं सांगा," तो म्हणाला. "तो आणि मी बोलत नाही. फार वर्षं झाली. चूक कुणाची ते सोडा. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही मला बोलायला जागाच ठेवली नाहीत. त्याचं सांगा तुमच्या प्रभूला."

आत्या थबकली. मग तिनं डोळे मिटले. ओठ हलत राहिले, आवाज नाही. किल्लीवाला थांबला. एरवी प्रार्थना संपली की त्याला कळायचं. आज कळायला काही मार्गच नव्हता, तरी त्यानं घाई केली नाही. बऱ्याच वेळानं आत्यानं त्याचे खांदे हलकेच दाबले.

"झालं?" त्यानं विचारलं.

तिनं आरशात मान हलवली.

"मग चला," तो म्हणाला, पण ते त्याला नेहमीसारखं साधलं नाही.

आत्यानं त्याचे केस कापले. हात जराही थरथरला नाही. तो गेल्यावर तिनं पर्समधून फोन काढला, घरमालकीणबाईंचा नंबर लावला, आणि पलीकडून हॅलो आल्यावर फोन मोजपट्टीपुढे धरला.

"काय सांगू?" मोजपट्टीनं विचारलं.

आत्या तिच्या कानाशी वाकली. "दुकान चालू आहे म्हणून."

मोजपट्टीनं सांगितलं. मालकीणबाईंनी विचारलं की पण आत्यांना बोलता येत नाही ना, कसं चालवणार? तेव्हा मोजपट्टी म्हणाली की बोलायला आम्ही आहोत, आणि फोन ठेवला. आम्ही म्हणजे कोण, हे तिनं मोजलं नाही.

आत्या तोवर आरशासमोर वळून स्वतःचे केस तपासत होती. तिनं डाव्या कानाखालची बट दोन बोटांत धरली, उजवीकडची धरली, आणि भाचीला दाखवली. डावीकडे जास्त होते. थोडेसेच, पण जास्त. मोजपट्टी कपाळावर हात मारून कात्री शोधू लागली. आत्या आवाजाविना हसत होती, खांदे हलवत.

तेवढ्यात बसड्रायव्हर दारात आला. डोक्यावर केस बोटभर उगवले होते. आत्याला बघून तो सरळ येऊन फिरणाऱ्या खुर्चीत बसला, गळ्याला कापड बांधून घेतलं, आणि मान खाली घातली. या वेळी मशीनला कुणी हात लावला नाही.